पाण्याच्या वाटीवर लक्ष

बंगळूरच्या शिवाजीनगरात १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट आहे. फुले, फळे, भाजी, मटण आणि मासळी असे सगळे तिथे एका आवारात मिळते. मासळीच्या गाळ्यांभोवती मांजरे घुटमळत असतात. कुणी बांगड्याचे डोके पळवते, कुणी ओल्या फरशीच्या कडेला पाय आखडून वाट बघत बसते. या बाजारी मांजरांत म्हातारे मांजर क्वचितच दिसते. रहदारी, मारामाऱ्या, साथीचे रोग आणि पावसाळा यांतून तगून दहा वर्षे गाठणारी फार थोडी. त्याच शिवाजीनगरातल्या गल्ल्यांत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, लसी टोचलेले, नसबंदी झालेले आणि वेळेवर खाणारे घरचे मांजर मात्र पंधरा-सोळा वर्षे सहज जगते. हे वाढलेले आयुष्य माणसाने दिलेले आहे. त्यातली शेवटची तीन-चार वर्षे बहुधा आजारपणाची असतात आणि तीही माणसालाच निभवावी लागतात.

मांजराचे वय मोजण्याचा साधा हिशेब असा : पहिली दोन वर्षे म्हणजे माणसाची चोवीस आणि पुढे दर वर्षाला चार. या हिशेबाने दहा वर्षांचे मांजर छप्पन्न वर्षांचे होते आणि सोळा वर्षांचे ऐंशीचे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संघटनांनी २०२१ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत दहा वर्षांपुढचे मांजर ज्येष्ठ धरले आहे. अशा मांजराची दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, असा पशुवैद्यांचा आग्रह असतो. वर्षातून एकदा पुरे, असे माणसाच्या अंदाजाने वाटते. पण मांजराच्या सहा महिन्यांत माणसाची दोन वर्षे सरलेली असतात.

म्हातारे मांजर सांभाळणे म्हणजे निव्वळ शेवटाची वाट पाहणे नव्हे, हे इंग्लंडमधल्या फ्लॉसी नावाच्या मांजरीने दाखवून दिले. ती ऐकू न येणारी, अधू नजरेची, सव्वीस वर्षांची झाली, तेव्हा तिच्या धनिणीला तिला सांभाळणे जमेना. म्हणून तिला एका प्राणिसंस्थेकडे देण्यात आले. संस्थेने म्हाताऱ्या मांजरांचा अनुभव असलेले नवे घर तिला शोधून दिले आणि २०२२ साली गिनेसने तिची हयात मांजरांतली सर्वांत वयस्क म्हणून नोंद केली.

मांजराच्या शुश्रूषेतली पहिली अडचण अशी की, ते आजार लपवते. मांजर शिकार करते, तशी त्याचीही शिकार होऊ शकते. त्यात ते एकट्याने जगणाऱ्या जातीचे. अशक्तपणा दाखवणे त्याला परवडणारे नसते. कुत्रे कण्हते, लंगडते, माणसाजवळ येऊन बसते. मांजर पलंगाखाली जाते आणि घरचे म्हणतात, "वय झालंय, झोपतं बिचारं." इथेच महिने वाया जातात. म्हातारपण हा आजार नाही. वजन उतरणे, पाणी जास्त पिणे, खिडकीवर उडी मारायचे सोडून देणे, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या होणे, मातीच्या ट्रेबाहेर घाण करणे, रात्री मोठ्याने ओरडत फिरणे, यांतल्या प्रत्येकामागे शोधता येईल असे कारण असू शकते.

या सगळ्यांत पाणी सर्वांत महत्त्वाचे. घरच्या मांजराचा पूर्वज हे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. भक्ष्याच्या शरीरातल्या पाण्यावर त्याचे बरेचसे भागायचे आणि मूत्रपिंडे लघवी घट्ट करून पाणी वाचवायची. तीच ठेवण घरच्या मांजरात उतरली आहे. त्यामुळे निरोगी मांजर पाणी फारसे पिताना दिसत नाही. तेच मांजर दिवसातून पाच-सहा वेळा वाटीकडे जाऊ लागले, न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालू लागले, ट्रेमधल्या मातीचे गोळे मोठे येऊ लागले, की रक्त आणि लघवी तपासायची वेळ आली असे समजावे. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह आणि थायरॉइडचा आजार या तिन्हींची ही खूण आहे.

म्हाताऱ्या मांजरांत सर्वांत जास्त आढळणारा गंभीर आजार मूत्रपिंडाचाच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत १५ वर्षांपुढच्या मांजरांपैकी सुमारे ८० टक्क्यांमध्ये तो कमी-अधिक प्रमाणात दिसला. माणसाच्या एका मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. मांजराच्या एका मूत्रपिंडात दोन लाखांच्या आसपास. एकदा मेलेला घटक पुन्हा उगवत नाही. दहा नोकरांच्या दुकानातले सात नोकर निघून गेले, तरी उरलेले तिघे धावपळ करून दुकान चालू ठेवतात आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही, तसे इथे होते. दोन तृतीयांश क्षमता गेली की लघवी घट्ट करणे जमेनासे होते. रक्तातले क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य तर साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावर नेहमीच्या मर्यादेबाहेर जाते. म्हणूनच पशुवैद्य आता क्रिएटिनिनच्या जोडीला एसडीएमए ही आधी वाढणारी खूण, लघवीची घनता, लघवीतली प्रथिने आणि रक्तदाब असे सगळे एकत्र पाहतात.

या आकड्यांवरून आजाराचे चार टप्पे पाडले जातात. क्रिएटिनिन १.६ पर्यंत असले तर पहिला टप्पा, २.८ पर्यंत दुसरा, ५ पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. दुसऱ्या टप्प्यात सापडलेले मांजर चांगली काळजी घेतली तर कित्येक वर्षे सुखाने जगू शकते. चौथ्या टप्प्यात बहुधा हाती महिने उरतात. एकाच तपासणीवरून टप्पा ठरवत नाहीत. सलाइन देऊन शरीरातले पाणी भरून काढतात, काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतात आणि मग ठरवतात. पहिल्या अहवालातला मोठा आकडा पाहून घरच्यांनी लगेच आशा सोडू नये ती यासाठीच.

उपचारांत औषधाच्या आधी अन्न येते. मूत्रपिंडाच्या आजारासाठी बनवलेल्या खास खाद्यात फॉस्फरस कमी असते, प्रथिने बेताची पण चांगल्या प्रतीची असतात. अमेरिकेत ४५ मांजरांवर दोन वर्षे केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे खाद्य खाणाऱ्या गटातल्या सुमारे २६ टक्के मांजरांना रक्तात विषारी द्रव्ये साचून झटका आला. खास खाद्य खाणाऱ्या गटात तो एकालाही आला नाही. मात्र हे खाद्य एका दिवसात बदलायचे नसते. जुन्यात थोडे थोडे मिसळत दोन-तीन आठवडे घ्यावेत. मांजराला मळमळत असताना नवे खाद्य पुढे केले, तर ते त्या वासाचा कायमचा तिटकारा धरते; म्हणून आधी मळमळ थांबवावी. खास खाद्याला मांजराने तोंडच लावले नाही, तर जे खाते ते खाऊ द्यावे. दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि तेच जिवावर बेतते.

दक्षिणेतल्या घरांत मांजराला दहीभात आणि महाराष्ट्रात दूधभात घालायची रीत जुनी आहे. त्यामागची माया खरी असली, तरी मांजर हे पक्के मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचा स्नायू निकामी होतो. हृदयाशी असलेला हा संबंध अमेरिकेत १९८७ साली सिद्ध झाला आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन घातले जाऊ लागले. घरचे द्यायचे तर बिनमसाल्याचे, काटे-हाडे काढलेले उकडलेले कोंबडीचे मांस किंवा मासा द्यावा. रश्श्यातला तुकडा धुऊन देणे पुरेसे नाही, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के असते, ओल्या खाद्यात पंचाहत्तर टक्क्यांच्या वर. त्यामुळे ओले खाद्य किंवा दाण्यांत कोमट पाणी घालणे हा उपचाराचाच भाग ठरतो. अन्न जरा कोमट केले की वास सुटतो आणि म्हाताऱ्या नाकाला भूक लागते.

आजार पुढे गेला की घरात सलाइनची बाटली येते. बहुतेक नवख्यांची छाती इथे दडपते, पण हे काम शिकता येते. रिंगर लॅक्टेटची बाटली, नळी आणि सुई एवढेच लागते. सुई शिरेत टोचायची नसते. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली सरकवायची असते. चार किलोच्या मांजराला एका वेळी साधारण ७५ ते १५० मिलिलिटर द्रव जातो. तिथे तात्पुरता फुगा येतो आणि काही तासांत ओसरतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तपमानाइतकी केली, तर मांजर शांत बसते. प्रमाण आणि दिवस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. हृदय कमजोर असलेल्या मांजराच्या छातीत जास्तीचे पाणी साचू शकते, म्हणून श्वास जोराने चालू लागला की सलाइन थांबवून डॉक्टर गाठावे.

मूत्रपिंडाच्या आजारासोबत रक्तदाब चढतो आणि तो चोरपावलांनी येतो. एके सकाळी मांजर भिंतीवर आपटू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात. आतला पडदा सुटून दृष्टी गेलेली असते. वेळीच मोजमाप झाले, तर रोज अ‍ॅम्लोडिपिनचा लहानसा तुकडा देऊन हे टळते. वरचा आकडा १६० च्या खाली ठेवायचा असतो. पोटॅशियम कमी झाले तर मान खाली लोंबते, त्याची भरपाई करता येते. मळमळ, मंदावलेली भूक, बद्धकोष्ठ आणि रक्तक्षय या प्रत्येकावर औषध आहे. मूळ रोग बरा होत नसला, तरी मांजराला होणारा त्रास बराचसा कमी होतो, आणि मांजराच्या दृष्टीने महत्त्व त्यालाच आहे.

मायेपोटीच घरात एक घातक चूक होते. मांजर कण्हते आहे म्हणून माणसाची गोळी दिली जाते. पॅरासिटामॉल पचवायला लागणारे यकृतातले विकर मांजरात जवळजवळ नसते. अर्धी गोळीही त्याचे रक्त तपकिरी करून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक आधीच थकलेली मूत्रपिंडे बंद पाडतात. तसाच दुसरा धोका फुलांचा. रसेल मार्केटमध्ये पुष्पगुच्छासाठी खऱ्या लिलीच्या दांड्या मिळतात. तिचे पान, पराग किंवा फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी करू शकते. निशिगंध या कुळातला नाही. त्याची भीती नको. लिली चाटल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठावा.

मूत्रपिंडाखेरीज आणखी काही आजार ओळखीचे असावेत. भरपूर खाऊनही मांजर वाळत चालले, चंचल झाले, तर थायरॉइड वाढल्याची शक्यता असते. मांजरांतला हा आजार १९७९ साली पहिल्यांदा नोंदवला गेला. तो रक्ताचा प्रवाह वाढवून मूत्रपिंडाचा दोष झाकून ठेवतो. म्हणून थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर मूत्रपिंड पुन्हा तपासतात. मधुमेह लवकर सापडला, इन्सुलिन आणि कमी पिष्टाचा आहार नेमाने दिला, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही. सांधेदुखी तर जवळजवळ सगळ्यांनाच. अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली. त्यांतल्या फारच थोड्यांच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख होता.

दुखणे ओळखायला मांजराचा चेहरा वाचावा लागतो. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली त्यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे आवळलेत का, नाक-तोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ झाल्यात का आणि डोके खांद्यांच्या खाली गेले आहे का, अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त झाले, तर वेदनाशामक हवे. मांजर घुरघुरते आहे म्हणजे सुखात आहे, असे गृहीत धरू नये. कळा सोसतानाही ते घुरघुरते.

घराची मांडणीही औषधासारखीच उपयोगी पडते. ट्रेची एक कड कापून खाली केली की दुखऱ्या पायांना आत जाता येते. खिडकीशी एक स्टूल ठेवले तर दोन टप्प्यांत वर चढता येते. पाण्याच्या पसरट वाट्या दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब ठेवाव्यात. बंगळूरची हवा सौम्य असली, तरी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वाळलेल्या अंगाला बोचतात. घडी घातलेली जुनी गोधडी पुरते. शिवाजीनगरची खास अडचण गर्दीची. सेंट मेरीज बॅसिलिकाचा उत्सव ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन ८ सप्टेंबरला शिगेला पोचतो. रथयात्रा, ध्वनिक्षेपक आणि लाखोंची वर्दळ असते. दिवाळीचे फटाके आणखी वेगळे. भेदरलेले मांजर खाणे सोडते. त्या दिवसांत रस्त्यापासून सर्वांत आतली खोली त्याला द्यावी आणि औषधे आधीच भरून ठेवावीत.

बंगळूरला या कामात संस्थांचा आधार जुना आहे. शिवाजीनगरला लागून असलेल्या क्वीन्स रोडवर सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे; हेब्बाळला १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दिल्ली आणि जयपूरमध्ये प्राण्यांसाठी काम केलेल्या क्रिस्टल रॉजर्स उतारवयात या शहरात आल्या आणि १९९१ साली त्यांनी 'क्यूपा' ही संस्था उभी केली. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे पाच मजली रुग्णालय सुरू झाले. रक्त चढवायची वेळ आली, तर मोठ्या रुग्णालयाचे महत्त्व कळते : मांजरांत ए, बी आणि एबी असे रक्तगट असतात आणि बी गटाच्या मांजराला ए गटाचे रक्त दिले, तर पहिल्याच वेळी ते दगावू शकते.

दवाखान्यापर्यंत नेणे हीही एक परीक्षाच असते. रिक्षातला धक्का, हॉर्न, कुत्र्यांचा वास यांनी मांजराची साखर आणि रक्तदाब दोन्ही चढतात आणि अहवाल फसवा येतो. पिंजरा घरात कायम उघडा ठेवून त्यात गोधडी घातली, तर ते आपणहून आत झोपू लागते. निघताना वर कापड टाकावे. फार घाबरणाऱ्या मांजराला आधी देण्यासाठी डॉक्टर गॅबापेंटिन हे शांत करणारे औषध लिहून देतात.

डॉक्टर मांजराला महिन्यातून पंधरा मिनिटे पाहतात, बाकीचा काळ ते घरच्यांच्या नजरेखाली असते. म्हणून एक वही घालावी. बाळाच्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा वजन, रोजचे खाणे, पाणी, लघवीचे गोळे, उलट्या, दिलेली औषधे एवढे लिहिले तरी पुष्कळ. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम उतरणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरणे. ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसते. वहीचा दुसरा उपयोग घरच्यांसाठी असतो. गोळी कुणी दिली आणि सलाइन कुणी लावले हे लिहिलेले असले, की काम एकाच माणसाच्या अंगावर पडत नाही. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, दीर्घ आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांत ताण आणि उदासी निरोगी प्राणी पाळणाऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त असते. "मांजरासाठी काय एवढं?" असे शेजाऱ्यांनी म्हटल्याने तो ताण कमी होत नाही.

नव्या उपचारांचा शोध चालू आहे. तेव्हा टोकियो विद्यापीठात असलेले तोरू मियाझाकी यांनी एआयएम नावाच्या प्रथिनाचा अभ्यास करताना पाहिले की, मूत्रपिंडातला कचरा साफ करायला मदत करणारे हे प्रथिन मांजराच्या रक्तात अडकून पडते आणि कामाच्या जागी पोचत नाही. २०२१ साली या संशोधनाचा निधी आटल्याची बातमी आली, तेव्हा जपानमधल्या मांजरप्रेमींनी सुमारे ३० कोटी येन जमवून दिले. आजच्या मांजराची भिस्त मात्र अन्न, पाणी, रक्तदाब आणि नोंद यांच्यावरच आहे.

आणि कधी थांबायचे? अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली त्यासाठी सात प्रश्न सुचवले. वेदना आटोक्यात आहे का, खाते का, अंगात पाणी टिकते का, स्वच्छ राहते का, आनंदी दिसते का, हालचाल जमते का आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. सत्तरपैकी ३५ च्या वर असतील तर पुढे चालावे. गुण घरातल्या दोघांनी वेगवेगळे द्यावेत, कारण रोज पाहणाऱ्याला उतरण कळत नाही. शांत मृत्यूचा निर्णय झाला, तर तो पशुवैद्याच्याच हातून व्हायला हवा : आधी गुंगीचे इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही डॉक्टर घरी येतात. आधी विचारून ठेवावे. हा पर्याय निवडणारे घर मांजराशी बेइमान होत नाही. श्वासासाठी धडपडणाऱ्या, दिवसचे दिवस न खाणाऱ्या जिवाला नुसते "नैसर्गिक" मरण यावे म्हणून ताटकळत ठेवण्यात दया नाही.

पुढची सोयही त्याच सुमारास पाहून ठेवावी. बंगळूरमध्ये केंगेरीला 'पीपल फॉर अ‍ॅनिमल्स'ची प्राण्यांसाठी दफनभूमी आहे. घरात दुसरे मांजर असेल तर ते काही दिवस कमी खाते, शोधत फिरते. त्याची खाण्यापिण्याची वेळ बदलू नये आणि तेही दहाच्या पुढे असेल, तर त्याची रक्त-लघवीची तपासणी त्याच महिन्यात करून घ्यावी. उरलेल्या न उघडलेल्या सलाइनच्या बाटल्या, सुया आणि खाद्याचे डबे निवारा चालवणाऱ्या संस्थांना विचारून देता येतात. वापरलेल्या सुया मात्र जाड प्लास्टिकच्या बरणीत बंद करून दवाखान्यातच परत द्याव्यात, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही.